वाइन नावाचा डॉक्टर

मंडळी, आज आपण 'मों दोक्तर ल व्हाँ' हे पुस्तक घेतलं आहे. अर्थ सरळ : 'माझा डॉक्टर, वाइन'. १९३६ साली ते निघालं. मजकूर गास्तों देरीस यांचा, जलरंगातली चित्रं राउल द्युफी यांची. आणि काढलं कुणी? तर निकोला या, १८२२ पासून वाइन विकणाऱ्या पॅरिसच्या पेढीने! म्हणजे दुकानदारानेच काढलेलं पुस्तक. हे वाचताना विसरायचं नाही.

देरीस यांची पद्धत साधी आहे. एकामागून एक डॉक्टर साक्षीला उभे करायचे. टायफॉइड, मधुमेह, लठ्ठपणा, उतारा एकच. साक्षीदार सगळे एकाच बाजूचे, उलटतपासणी कुणी घेतच नाही. वर मार्शल पेतां यांचं वाइनची थोरवी गाणारं मनोगत : महायुद्धात सैनिकांना तिने बळ दिलं म्हणे. आरोग्याला देशभक्तीचीही जोड झाली.

एवढा खटाटोप कशासाठी? त्या काळात फ्रान्स आणि अल्जीरियात द्राक्षाचं पीक उदंड, वाइन तुंबलेली, भाव पडलेले. १९३१ साली तर वाइनच्या प्रचारासाठी सरकारी समितीच नेमली गेली. हे पुस्तक त्याच हवेतलं. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचं ठरवलं, तेव्हा शेतकऱ्याचं हित आणि 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे दोन्ही युक्तिवाद आपणही ऐकलेच की.

मग पुस्तक टाकून द्यायचं का? आम्हाला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण द्युफी. त्यांचा रंग रेषेच्या चौकटीत राहत नाही. तो मोकळा पसरतो, आणि चपळ रेषा त्याच्यावरून आपल्या वाटेने निघून जाते. देरीस म्हणतात, प्या, बरे व्हाल. द्युफींना काहीच सिद्ध करायचं नाही. त्यांना नुसता आनंद पुरतो.

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. आनंदाचं पुस्तक काढायचं आणि आनंदावरच विश्वास ठेवायचा नाही, त्याला डॉक्टरांची प्रमाणपत्रं चिकटवायची! चित्रं मात्र निरागस राहत नाहीत. त्यांच्या गोडीमुळेच खोटा उतारा घशाखाली उतरतो. आणि ही थट्टेची बाब नव्हे. फ्रान्समध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेच्या भोजनगृहात वाइन देणं बंद झालं ते १९५६ साली, म्हणजे पुस्तकानंतर वीस वर्षांनी.

तेव्हा हे पुस्तक हाती आलं तर आधी चित्रं पाहा, मनसोक्त पाहा. मग मजकूर वाचा. आणि प्रत्येक डॉक्टरच्या साक्षीनंतर एकदा प्रकाशकाचं नाव वाचा.