किनाऱ्यापर्यंतचा प्रवास : तीन मराठी चित्रपटांतील अपंग मूल आणि समाजाचा सहभाग

प्रस्तावना :

मराठी चित्रपटाला अपंग मुलाचा विषय नवा नाही. मात्र अशा चित्रपटांची चर्चा बहुधा अभिनय, कारुण्य आणि पुरस्कार यांभोवतीच फिरत राहते. त्या मुलाभोवतीचा समाज, म्हणजे शेजार, शाळा आणि गाव, कथानकात नेमके काय करतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ (१९९१), संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) आणि महेश लिमये दिग्दर्शित ‘येलो’ (२०१४) या तीन चित्रपटांचा या दृष्टीने विचार केला आहे. सहानुभूती आणि समावेशन या दोन भिन्न गोष्टी आहेत. सहानुभूती ही व्यक्तीच्या मनात उत्पन्न होते. समावेशन हे व्यवस्थेत घडवावे लागते. हा भेद लक्षात घेतल्यास या चित्रपटांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

‘चौकट राजा’ : ऋणातून मिळालेली जागा

बालपणीच्या अपघातामुळे बौद्धिक वाढ खुंटलेला नंदू (दिलीप प्रभावळकर) आपल्या आईसह चाळीत राहतो. वयाने प्रौढ असला तरी चित्रपट त्याच्याकडे मूल म्हणूनच पाहतो. चाळीतला गणा (अशोक सराफ) त्याचा सखा आहे. त्याच्या चुका पोटात घालणारी माणसे भोवती आहेत. चाळ या वसाहतीत दारे उघडी असतात आणि एकाचे मूल साऱ्यांच्या नजरेत वाढते, या वास्तवाचा चित्रपटाने चांगला उपयोग करून घेतला आहे. याउलट फ्लॅटमध्ये राहावयास आलेल्या मीनलच्या (स्मिता तळवलकर) घरात नंदूच्या प्रवेशाने तणाव उत्पन्न होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मीनल नंदूसाठी जे करते त्यामागे बालमैत्रीची आणि अपराधभावाची प्रेरणा आहे. गणा जे करतो त्यामागे स्नेह आहे. दोन्ही प्रेरणा उदात्त आहेत, परंतु दोन्ही वैयक्तिक आहेत. ज्याची बालमैत्रीण परत येत नाही आणि ज्याच्या शेजारी गणा राहत नाही, अशा नंदूचे काय, या प्रश्नाला चित्रपटात उत्तर नाही.

‘श्वास’ : जेथे कथा थांबते

माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारित ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘श्यामची आई’नंतर हा मान मिळविणारा तो पहिला मराठी चित्रपट होय. डोळ्यांच्या कर्करोगामुळे परशुरामची दृष्टी जाणार आहे; प्राण वाचवावयाचे तर दुसरा मार्ग नाही. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा (अरुण नलावडे) नातवाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेऊन जग दाखवितात. हा भाग मराठी चित्रपटातील अत्यंत संयत भागांपैकी एक म्हणावा लागेल. डॉक्टर आणि समाजसेविका यांच्या व्यक्तिरेखांमुळे येथे प्रथमच संस्थात्मक आधाराचे चित्र दिसते. मात्र तो आधार रुग्णालयाच्या दारापाशी संपतो.

अखेरच्या दृश्यात काळा चष्मा घातलेला परशुराम होडीतून गावी परततो. किनाऱ्यावर आप्त आणि सवंगडी उभे आहेत. तो त्यांना हात हलवून प्रतिसाद देतो. कलेच्या दृष्टीने हा शेवट समर्पक आहे. परंतु समावेशनाचा खरा प्रश्न होडी किनाऱ्याला लागल्यानंतर सुरू होतो. परशुराम गावातल्या शाळेत जाईल का? त्याला ब्रेल कोण शिकवील? किनाऱ्यावर हात हलविणारे सवंगडी त्याला खेळात घेतील का? चित्रपट या प्रश्नांच्या उंबरठ्यावर थांबतो आणि प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो.

‘येलो’ : पदकाची अट

‘येलो’मध्ये डाऊन सिंड्रोम असलेली गौरी गाडगीळ ही जलतरणपटू स्वतःचीच भूमिका करते. पूर्वीच्या दोन्ही चित्रपटांत अपंग व्यक्तीची भूमिका अपंगत्व नसलेल्या अभिनेत्याने केली होती. हा बदल महत्त्वाचा आहे, कारण येथे अपंग व्यक्ती केवळ कथेचा विषय न राहता तिची सादरकर्तीही होते. वडिलांचा नकार, आईची (मृणाल कुलकर्णी) जिद्द, मामाची साथ आणि प्रशिक्षकाचे परिश्रम यांतून गौरी पुढे जाते.

गौरीचे यश खरे आहे आणि ते गौरवास पात्र आहे. तथापि, यशोगाथेच्या रचनेतून एक अर्थ नकळत सूचित होतो : मुलाने स्वतःला सिद्ध केले की समाज त्याला स्वीकारतो. सामान्य मुलाला मात्र ही अट नसते. त्याला वर्गात बसण्यासाठी पदक दाखवावे लागत नाही.

कायद्याची भूमिका आणि कलाकृतीची भूमिका :

या तीन चित्रपटांच्या कालखंडात कायद्याची भाषा पुष्कळ बदलली. १९९५च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला नजीकच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या अधिनियमाने दिला. दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतील व अध्यापनपद्धती त्यांच्या गरजांनुसार बदलेल, अशी समावेशक शिक्षणाची व्याख्याही त्यात आहे. बदलण्याची जबाबदारी मुलावर नसून व्यवस्थेवर आहे, हे या व्याख्येचे सार होय.

कलाकृती म्हणजे कायद्याचे भाष्य नव्हे, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. चित्रपटाने शाळेचे प्रवेशधोरण मांडावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु कोणते दृश्य आपल्याला हृद्य वाटते आणि कोणते दृश्य पडद्यावर येतच नाही, यावरून समाजाच्या कल्पनाशक्तीची सीमा कळते. आईचा त्याग, आजोबांची माया आणि मुलाचे पदक ही दृश्ये आपल्या परिचयाची आहेत. शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी, उताराची वाट बांधणारी ग्रामपंचायत, पाठ घेण्याची रीत बदलणारा शिक्षक ही दृश्ये या चित्रपटांच्या केंद्रस्थानी येत नाहीत.

समारोप :

‘चौकट राजा’त अपंग मुलाला जागा मिळते ती स्नेहामुळे आणि ऋणामुळे, ‘श्वास’मध्ये आप्तांच्या मायेमुळे आणि ‘येलो’त कर्तृत्वामुळे. ज्याचे कोणावर ऋण नाही, ज्याच्यापाशी पदक नाही, असे सर्वसाधारण अपंग मूल या पटावर अद्याप आलेले नाही. आणि समावेशनाची कसोटी तेच मूल आहे. उच्च शिक्षणातही २०१६च्या अधिनियमानुसार शासकीय व अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा अशा विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. त्यामुळे हे चित्रपट वर्गात अभ्यासले जातात तेव्हा पडद्यावरील परशुरामासाठी विद्यार्थ्यांचे डोळे पाणावणे पुरेसे नाही. त्याच महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील वर्गात चाकाची खुर्ची पोहोचते का, ग्रंथालयातील पुस्तक दृष्टिहीन विद्यार्थ्याला वाचता येते का, हे प्रश्नही त्या पाठाचा भाग व्हावयास हवेत. होडी किनाऱ्याला लागली आहे; आता किनाऱ्यावरच्यांनी काय करावयाचे, हे ठरविणे शिल्लक आहे.