नवऱ्याचा नंबर, शेपटीला एक अक्षर

समजा, लग्न झाल्यावर तुमचा पॅन नंबर रद्द झाला. त्याजागी नवऱ्याचाच नंबर मिळाला, शेवटी एक जादा अक्षर लावून. आयर्लंडमध्ये विवाहित बायकांच्या बाबतीत हे खरोखर होत असे.

तिथे कर, पेन्शन, भत्ते सगळ्यासाठी पीपीएस नंबर लागतो. आधी त्याला आरएसआय नंबर म्हणत. सात अंक, मग एक तपासणी-अक्षर. लग्न झालेल्या बाईच्या नंबरात त्यापुढे ‘डब्ल्यू’. नवरा १२३४५६७टी, तर बायको १२३४५६७टीडब्ल्यू.

सहसा यावर अपमानाच्या अंगाने बोललं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यातलं गणितही बोलायचंय.

तपासणी-अक्षर कशासाठी असतं? टाइप करताना चूक झाली तर ती पकडायला. सात अंकांना क्रमाने ८ ते २ ने गुणा, बेरीज करा: ११२. तिला २३ ने भागा, बाकी २०. विसावं अक्षर टी. शेपटीला दुसरं अक्षर असेल तर त्याची किंमत ९ ने गुणून बेरजेत मिळवतात. पण डब्ल्यू तेविसावं अक्षर, म्हणजे २३ च्या हिशेबात शून्य! (हा टोमणा नाही, सूत्रच तसं आहे.) त्यामुळे दोघांचं तपासणी-अक्षर एकच. कारकून डब्ल्यू लिहायला विसरला तर यंत्रणा कुरकुरत नाही. नंबर वैध ठरतो, फक्त तो नवऱ्याचा असतो. सगळ्यात सहज होणारी चूकच पकडता येत नाही. २०१३ पासून नव्या नंबरांच्या शेवटी ‘ए’ येऊ लागला. तिथे बेरीज १२१ होते, अक्षर बदलून एफ होतं, आणि ‘ए’ गळाला तर चूक लगेच कळते.

हे आभाळातून पडलं नव्हतं. सरकारी नोकरीत लग्न झालेल्या बाईला १९७३ पर्यंत राजीनामा द्यावा लागे. करकायदा बायकोचं उत्पन्न नवऱ्याचंच धरायचा; १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्फी खटल्यात ते घटनाबाह्य ठरवलं. घटस्फोटाला तर १९९५ च्या सार्वमतापर्यंत घटनेचीच बंदी. लग्न मोडणारच नाही असं धरलेल्या राज्याने नंबरही तसाच बांधला.

नव्वदच्या दशकाअखेरीस नवे डब्ल्यू नंबर देणं थांबलं. जुने मात्र एका झटक्यात बदलले नाहीत. माझा खरा आक्षेप इथे आहे. चूक राज्याची, पण नवा नंबर घ्यायची वेळ अनेकींवर आली ती नवरा गेल्यावर किंवा वेगळं झाल्यावर. आधीच कागदपत्रांचा ढीग पुढ्यात असतो तेव्हाच!

आता आमच्यासारख्या नोंदी जोडून अभ्यास करणाऱ्यांचं बघा. एकाच बाईचे तीन नंबर असू शकतात: लग्नाआधीचा, डब्ल्यूचा, नंतरचा. ते जोडले नाहीत तर तिच्या आयुष्याचे तीन तुकडे दिसतात, नवऱ्याची मात्र एक सलग रेघ. घाईत शेपटीचं अक्षर कापणारा प्रोग्रॅम लिहिला तर दोघं मिळून एकच माणूस. योगदानावर ठरणाऱ्या पेन्शनमध्ये असा तुकडा हरवणं म्हणजे पैसे हरवणं.

आधारचा नंबर यादृच्छिक आहे, नातं सांगत नाही. त्याच्यावर इतर टीका करा, ही करता येणार नाही. डब्ल्यू बदलताना नवा नंबर दिला की काम संपलं असं मानू नये. जुन्या-नव्याची जोडणी खात्याने स्वतः सांभाळावी आणि ती पूर्ण झाल्याचं बाईला लेखी कळवावं, तिने न मागता.