भोगणारा आणि सांगणारा

दुःखद अनुभव गाठीशी असणे ही थोर लेखनाची पूर्वअट होय, असे मानण्याचा प्रघात मराठी टीकेत रूढ आहे. परंतु भूतकाळाकडे वळणाऱ्या लेखकापुढील खरी अडचण निराळी असते. जे भोगले ते सांगावयाचे कोणी?

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात हा प्रश्न रचनेतच मांडलेला आहे. येथे दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवार या शिकल्यासवरल्या लेखकाला ऐकवितो. दोघे एकाच देहाचे धनी; एक नाव जन्माने मिळालेले, दुसरे लेखनाने. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. दुःखालाच तसा वतनी वाटा ठरविण्यात शीर्षकाची कडवट खोच आहे.

ही योजना केवळ चातुर्याची नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या १८९५ मधील धर्मांतराने ओढवलेली ताटातूट ‘स्मृतिचित्रे’त (पहिला भाग, १९३४) खेळकरपणे सांगितली, त्यामागे जवळजवळ चार दशकांचे अंतर होते. पवारांना ते अंतर काळाने दिले नव्हते. ते त्यांनी दोन नावांनी निर्माण केले. त्यामुळे धामणगावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांच्या वर्णनांत दाह असूनही आक्रोश नाही.

तरीही पुस्तकाचे सर्वांत अवघड स्थळ तेथे नाही. ते पहिल्या पत्नीच्या प्रकरणात आहे. संशयापोटी तिला दूर लोटणारा दगडू तेथे स्वतःच अन्यायकर्ता ठरतो, आणि परिस्थितीची सबब पुढे करून लेखक त्याला सोडवू पाहत नाही. सोसलेले सांगणाऱ्या लेखनात असा प्रांजळपणा विरळाच.

पुढे पुढे मात्र ही चौकट सैल होते. दगडूच्या तोंडी दया पवारांची भाष्ये येऊ लागतात, आणि एखादे सामान्य विधान प्रसंगाची धार बोथट करते.

प्रकाशनानंतर, हा उकिरडा कशाला उकरावयाचा, अशी नापसंती दलित समाजातील काही सुशिक्षितांतूनही व्यक्त झाली. त्या आक्षेपात संकोचाचा भाग मोठा होता; पण त्याच्या कडेला एक रास्त शंका उभी आहे. दगडूने एकट्याने काही भोगलेले नाही. आई, पत्नी, मुलगी यांची आयुष्येही त्याच्या कथनात ओढली जातात. आणि दया पवारांसमोर बसून आपली बाजू ऐकविण्याची सोय या पुस्तकात दगडूखेरीज कोणालाही नाही.