‘राइस’ला जपानीत काय म्हणाल?

इंग्रजी-जपानी कोशात ‘राइस’ शोधलंत तर बहुधा पहिला शब्द मिळेल ‘कोमे’. तो चूक नाही. पण तुमच्या प्रश्नावलीत ‘रोज किती राइस खाता?’ असा प्रश्न असेल आणि तिथे ‘कोमे’ टाकून मोकळे झालात, तर घोटाळा झालाच म्हणून समजा.

शेतात उभं पीक ते ‘इने’. टरफलासकट दाणा ‘मोमी’. टरफल काढलं की ‘गेनमाई’, पॉलिश केला की ‘हाकुमाई’. दुकानातून घरी येतो तो कोमे. शिजून वाडग्यात पडला की ‘गोहान’. तोच भात पाश्चात्त्य थाटाच्या हॉटेलात बशीत आला, तर बऱ्याचदा ‘राइसु’! शिवाय गोहान म्हणजे जेवणसुद्धा. ‘आसागोहान’ म्हणजे सकाळचं खाणं, मग त्यात पाव का असेना.

आपण तांदूळ आणि भात वेगळे ठेवतो, त्यामुळे मराठी माणसाला हे सोपं वाटेल. पण आपला ‘भात’ शेतातही असतो आणि ताटातही. गोहान शेतात उगवत नाही.

आता आकड्यांकडे या. जपानी घरात तांदूळ ‘गो’ या मापाने मोजतात. एक गो म्हणजे 180 मिली, साधारण 150 ग्रॅम तांदूळ. शिजला की तो 330-350 ग्रॅमच्या आसपास भरतो. एकाने कोमेचं वजन लिहिलं, दुसऱ्याने गोहानचं, की दोघं सारखंच जेवूनही तुमच्या तक्त्यात दुपटीहून जास्त फरक दिसणार.

‘आम्ही उलट-भाषांतर करून घेतलं’ असं एक वाक्य प्रबंधात टाकून लोक पुढे जातात, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. कोमेचं इंग्रजी राइस, गोहानचंही राइस. परत आलेला मजकूर मूळाशी तंतोतंत जुळणार आणि चूक आत तशीच राहणार. ही पद्धत रूढ करणाऱ्या रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 च्या लेखातच तिच्या मर्यादा नोंदवल्या होत्या. संदर्भ देणारे तेवढा भाग गाळतात.

त्यापेक्षा इंग्रजी न येणाऱ्या चार-पाच जपानी भाषकांना प्रश्न दाखवा आणि ‘यात काय विचारलंय?’ एवढंच विचारा. कच्चा की शिजलेला, ते लगेच कळेल.

तयार आकडेवारी वापरत असाल तरी सुटका नाही. जपानच्या कृषी मंत्रालयाचे भातउत्पादनाचे आकडे गेनमाईत असतात, एफएओचे टरफलासकट. दोन्ही एका आलेखात घेण्याआधी तळटीप वाचा.