गाभा आणि गाभारा : मराठी अरण्यलेखनातील माणूस

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात मी अरण्यावरचा एक ललित लेख शिकवीत होतो. पहाटेचे धुके, सागाच्या पानांवरचे दव, पाणवठ्यावर आलेली सांबरे. लेखकाची शैली, निसर्गाशी त्याचे तादात्म्य, सारे रीतसर सांगून झाले. धारणीकडून आलेला एक कोरकू विद्यार्थी मागच्या बाकावर बसत असे. तो सहसा बोलत नसे. त्या दिवशी त्याने विचारले, “सर, या जंगलात गाव कोणतं?” वर्ग हसला. मीही हसलो असेन. लेख पुन्हा चाळला. त्यात गाव नव्हते. लेखकाची बॅग उचलणारा, वाट दाखवणारा, रात्री शेकोटी पेटवणारा एक माणूस होता. पण त्याला नाव नव्हते, घर नव्हते आणि मतही नव्हते.

त्या प्रश्नाने मला मराठी अरण्यलेखन पुन्हा वाचायला लावले. हे लेखन सरसकट नाकारावे असे मला मुळीच वाटत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधील वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष हा मराठी गद्याचा एक समर्थ आविष्कार आहे. त्यात माणूस नाही हा दोष नव्हे. तो त्या कादंबरीचा विषयच नाही. माझा आक्षेप वाचकवर्गावर आहे. वानरांच्या राज्यात त्याला माणसांचे राजकारण चटकन दिसते. पण त्याच रानात राहणाऱ्या माणसांचे राजकारण त्याच्या डोळ्यांना दिसत नाही. मारुती चितमपल्ली यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांची हयात वनखात्यात गेली, मेळघाटातही त्यांनी काम केले, आणि आपल्या ज्ञानात आदिवासींचा वाटा त्यांनी प्रांजळपणे मान्य केला. मराठीला त्यांनी दिलेली शब्दसंपदा मोठी आहे. परंतु अशा लेखनातही आदिवासी येतो तो बहुधा जाणकार म्हणून. पक्ष्याचे नाव त्याला ठाऊक असते, झाडाचा गुण ठाऊक असतो. त्याच्या जमिनीचा पट्टा कोणाच्या नावावर आहे, हे आपल्याला कळत नाही. ज्ञान घेतले जाते आणि ज्ञानी बाहेर राहतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

मेळघाटचेच उदाहरण घेऊ. सातपुड्याच्या गाविलगड रांगांतला हा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या सिपना नदीचे नावही कोरकू भाषेतले. सिपना म्हणजे साग. हे जंगल इंग्रजांनी राखीव केले ते सागासाठी. तोड करायला, वणवे विझवायला, रस्ते बांधायला हात हवे होते, म्हणून जंगलात वनग्रामे आली. म्हणजे ज्याला आज आपण ‘अस्पर्श’ निसर्ग म्हणतो त्याला कोरकूंच्या हातांचा स्पर्श पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला. काल ज्यांचे हात हवे होते, त्यांचे पाय आता अडचणीचे झाले.

इथे मला एका शब्दाकडे लक्ष वेधायचे आहे. संवर्धनाच्या परिभाषेत जंगलाच्या मध्यभागाला ‘गाभा क्षेत्र’ म्हणतात. गाभा आणि गाभारा हे दोन्ही शब्द ‘गर्भ’ या एकाच मुळातून आले आहेत. हा केवळ शब्दांचा योगायोग मानून सोडून देता येईल. पण व्यवहार पाहिला तर साम्य शब्दापुरते राहत नाही. देवळाचे दगड ज्याने घडवले त्याला गाभाऱ्यात प्रवेश नव्हता. जंगल ज्याच्या श्रमावर उभे राहिले त्याच्या असण्याने गाभा बिघडतो, असे आता सांगितले जाते. आणि दक्षिणा देणाऱ्याला जसा दर्शनाचा मार्ग मोकळा, तसा तिकीट काढणाऱ्याला जिप्सीचा. २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांपर्यंतच्या भागात पर्यटनाला मुभा दिली. शुद्धतेची कल्पना वर्णव्यवस्थेकडून निसर्गशास्त्राकडे जाताना सोवळे बदलते, सोवळ्याचा नियम बदलत नाही.

२००१ नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावे मेळघाटातून उठून अकोटच्या बाजूला सपाटीवर गेली. पुढे आणखी गावे गेली. काही कुटुंबे आपणहून निघाली, हे मी लपवत नाही. शाळा, दवाखाना, वीज यांची इच्छा असणे गैर कसे? प्रश्न असा की, डॉक्टर मिळण्यासाठी जंगल सोडण्याची अट का? १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. तेव्हाही ती मुले त्याच जंगलात होती, ज्याच्या सौंदर्यावर आपण लेख वाचत होतो. आणि जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावांतले लोक, मिळालेली आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून, जंगलात परतले. त्यांच्यात आणि शासकीय यंत्रणेत संघर्ष झाला. अरण्यलेखनात या परतीच्या वाटेला अजून ‘रानवाट’ म्हटले गेलेले नाही.

आणखी एक उदाहरण रानपिंगळ्याचे. हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८७३ साली ह्यूमने शास्त्राला सांगितला. १८८४ साली खानदेशात त्याचा नमुना मिळाला आणि नंतर तो नाहीसा झाला असे मानले गेले. मध्यंतरी मायनर्ट्‌झहागेन या इंग्रज कर्नलने १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याचा दावा केला होता. हा दावा खोटा होता. संग्रहालयातला जुना नमुना चोरून, त्याला नवे लेबल लावून तो मिरवला गेला होता. १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्यात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा पक्षी ११३ वर्षांनी दिसला. पुढे मेळघाटातही तो सापडला. या संशोधकांचे श्रेय निर्विवाद आहे. लबाडी उघडकीस आणण्यातही रासमुसेन यांचाच वाटा आहे. पण त्या ११३ वर्षांत सातपुडा निर्मनुष्य नव्हता. १९७२ पासून याच शहाद्यात भिल्ल भूमिहीन श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली लढत होते. त्या चळवळीतून आलेल्या वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ साली निघाला. कर्नलचे लेबल पुरावा ठरते आणि डोंगरात राहणाऱ्याचे पाहणे पुरावा ठरत नाही. ज्ञानाच्या क्षेत्रातली अस्पृश्यता ती हीच.

यावर नेहमीचा सवाल येतो, ‘मग वाघ मरू द्यायचे काय?’ आपल्या चळवळीने या प्रश्नाला बिचकू नये. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी पिता येत होते आणि माणसांना नव्हते. पण ढोरांचे पाणी तोडा असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. आपला वाद जनावराशी कधीच नव्हता. माणसाला जनावराच्या खाली बसवणाऱ्या व्यवस्थेशी होता. वाघाला कोरकू ‘कुला’ म्हणतात. त्याच्याशी त्यांचे नाते भीतीचे आणि भक्तीचे, दोन्ही आहे. वाघ वाचला पाहिजे, त्यासाठी शिकार, खाणी, रस्ते यांना आवर घातला पाहिजे, हे मला मान्य आहे. माणूस काढल्याशिवाय जंगल वाचत नाही, हे मात्र मला मान्य नाही. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला २०१२ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. उजाड झालेले रान गावकऱ्यांनी राखले, सीताफळाचे उत्पन्न गावाच्या हाती आले, आणि २०१४ साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. हक्क दिला म्हणजे जंगल बुडते, या समजुतीला हे उत्तर आहे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. दलित साहित्याने गावकुसाबाहेरचे जग मराठीत आणले. पण गावकूस हा शब्द वापरताना आपण गाव धरूनच चाललो. जिथे कूस नाही, जिथे रान आहे, तिकडे आपली नजरही क्वचितच गेली. आणि आदिवासी जीवनाचे गोडवे गाऊनही चालणार नाही. मेळघाटातही उतरंड आहे. निहाल हे कोरकूंच्या खालचे समजले जातात. बलई समाजाची घरे तिथेही आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींनाही हक्क दिला, पण तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करण्याची अट घातली. ज्याच्या आजाला अक्षर शिवू दिले नाही, त्याच्याकडे आता आजाच्या काळचा कागद मागितला जातो. हा प्रश्न दलितांचा की आदिवासींचा, असा वाद घालत बसायला आपल्याला सवड नाही.

म्हणून समीक्षेकडून माझी मागणी साधी आहे. अरण्यावरचे कोणतेही पुस्तक हाती घेताना शैलीच्या आधी तिने तीन गोष्टी पाहाव्यात : त्यात राहणाऱ्या माणसाला नाव आहे काय, त्याचे ज्ञान त्याच्या मालकीचे म्हणून आले आहे काय, आणि लेखक जंगलात शिरला तो कोणाच्या परवानगीने. हे निकष साहित्यबाह्य आहेत असे म्हटले जाईल. दलित कवितेलाही एकेकाळी हेच ऐकावे लागले होते.

तो ललित लेख मी अजूनही शिकवतो, अभ्यासक्रमात आहे. फरक एवढाच की, आता पहिला प्रश्न मीच फळ्यावर लिहितो : या जंगलात गाव कोणते?