शरणागतीचा हिशेब

सौंसरहून जामसावळीच्या मारुतीस जाणारा भाविक मंगळवारी वा शनिवारी पहाटेस निघतो. पिंपळाखाली पहुडलेल्या त्या मूर्तीपुढे नारळ ठेवून 'देवा, सर्व काही तुझेच' असे तो म्हणतो, आणि तेही मनापासून. दुपारी तो आपल्या दुकानी किंवा संत्र्यांच्या बागेत परततो, आणि तेथील वेळ त्याचा स्वतःचा असतो. यात दांभिकपणा आहे असे नव्हे. तुमची-आमची भक्ती बहुधा अशीच असते. तथापि सर्वस्व वाहिले म्हणजे नेमके काय वाहिले, हा प्रश्न उरतोच. मराठी वाङ्मयात या प्रश्नाची एक अत्यंत कठोर परीक्षा ख्रिस्ती झालेल्या एका कवीच्या घरी झाली. तो कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांनी काही काळ आपल्या शेजारच्या नागपुरात काढला. नागपूरहून राजनांदगावी जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस 'नवा करार' वाचावयास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने सांगितले आहे की, भक्ताने आपले शरीरच जिवंत यज्ञ म्हणून देवास द्यावे. गीतेच्या अठराव्या अध्यायातील शरणागती ज्यांच्या नित्यपाठात आहे, त्यांस ही कल्पना परकी वाटू नये. ती टिळकांनी अभंगात आणली आणि ख्रिस्तास गुरुमाउली म्हटले. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोमंतकात छापले गेले. त्यातही मराठी ओवीच आहे. परंतु स्टीफन्स पुराणिकाच्या आसनावरून कथा सांगतो, तर टिळक भक्तांच्या रांगेत उभे राहून बोलतात. हा भेद मोठा आहे.

येथे एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. टिळकांच्या अनेक अभंगांत समर्पण फार लवकर पुरे होते. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, त्यास जाब विचारतात, आणि मग शरण जातात. म्हणून त्यांच्या शरण जाण्यास वजन येते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. परंतु त्या सेतूवरचे भांडण त्यांनी मागेच ठेवले. अभंग गोड आहेत, प्रांजळ आहेत. पण देण्याचे दुःख त्यांत क्वचितच दिसते.

ते दुःख अन्यत्र आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. पतीच्या धर्मांतरानंतर या बाईंनी लहान मुलास घेऊन आप्तांच्या आधाराने वर्षे काढली. त्यांतील काही तर पंढरपुरात! ज्या क्षणी टिळकांनी आपले आयुष्य देवास दिले, त्या क्षणी त्यांनी पत्नीचे आयुष्यही तिला न विचारता त्यात घातले. बाई हे आक्रोश करून सांगत नाहीत, हसत सांगतात. बाजारहाटास दिलेले पैसे वाटेतच भलत्या कामी लागतात, घरात नसलेले अन्न पाहुण्यास वाढावयाचे असते. आणि हा सगळा विनोद ज्याच्या खर्चाने चालला आहे, तो हिशेब वाचकाच्या हळूहळू ध्यानी येतो. बाईंचे स्वतःचे मन मात्र सावकाश वळले. सोवळे एका दिवसात सुटले नाही, आणि बाप्तिस्मा १९०० साली झाला. हा विलंब मला फार मोलाचा वाटतो. कारण त्या आपले आयुष्य जाणून देत होत्या.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांसही त्यात जागा होती. आता दिवसाचा एकही तास पगाराचा राहिला नव्हता. पुढे दोन वर्षेच मिळाली. ९ मे १९१९ रोजी ते वारले. मागे राहिले 'ख्रिस्तायन', तेही अपुरे. त्यांनी रचलेल्या आरंभीच्या अध्यायांपुढे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या बाईस पतीने लग्नानंतर लिहा-वाचावयास शिकविले, तिने त्याचे महाकाव्य पुढे नेले. १९३६ साली त्याही गेल्या, आणि १९३८ साली ग्रंथ बाहेर पडला.

काव्य म्हणून 'ख्रिस्तायन' सर्वत्र सारखे उतरले आहे असे मी म्हणणार नाही. पुष्कळ ठिकाणी कथा ओवीवर भार टाकून चालते. परंतु समर्पणाचा पुरावा म्हणून पाहिल्यास त्या ६४ अध्यायांइतका बळकट पुरावा टिळकांच्या एकाही अभंगात नाही. अभंग एका भारलेल्या घटकेत होतो; ६४ अध्यायांस रोजची बैठक लागते, आणि तीही नातवंडांच्या, आजारपणाच्या, स्वयंपाकाच्या गर्दीतून काढावी लागते.

म्हणून वाचकांस सुचवावेसे वाटते की, टिळकांचे अभंग एकटे वाचू नयेत. 'स्मृतिचित्रे' त्यांच्या शेजारी ठेवावीत. आपला धर्म यासाठी सोडावा लागत नाही. जामसावळीहून परतताना एवढेच मनास विचारावे : मी देवास जे दिले, ते माझेच होते ना? की घरातील कोणाचे तरी, न विचारता उचललेले?