सर्वसमावेशक पक्षीनिरीक्षण : नागपूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ 'पक्षी सप्ताह' म्हणून घोषित केला. त्यातील पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, तर शेवटचा डॉ. सालिम अली यांच्या जन्माचा. वनखात्यातून निवृत्त झाल्यावर चितमपल्ली यांचे दीर्घकाळ वास्तव्य नागपुरातच होते. अंबाझरी, गोरेवाडा यांसारख्या तलावांमुळे हे शहर पक्षीनिरीक्षणास अनुकूल आहे. पहाटेची समूहफेरी सर्वांना खुली असते, असे येथे गृहीतच धरले जाते. मग समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी व्यक्तींना मुद्दाम सामावून घेणाऱ्या फेऱ्यांची गरज काय, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा साहित्य, कायदा आणि भाषा या तीन अंगांनी केली आहे.

१. जोडीचे रूपक

भारतीय काव्याचा आरंभ क्रौंचाच्या जोडीच्या विरहातून झाला, अशी परंपरागत धारणा आहे. रात्री विलग होणारी चक्रवाकाची जोडी हा संस्कृत काव्याचा रूढ संकेत आहे. सारस तर दांपत्यनिष्ठेचे प्रतीकच ठरला. ही रूपके फेरीतही उतरतात. दुर्बिणीत दोन पक्षी दिसले, की 'हा नवरा, ही बायको' असे सहज म्हटले जाते. त्यात दुष्टावा नसतो. परंतु पक्ष्यांच्या निमित्ताने माणसांच्या संसाराचा एकच नमुना निसर्गसिद्ध म्हणून मांडला जातो. त्या नमुन्यात न बसणाऱ्याला मात्र आपण येथे आगंतुक आहोत, याची जाणीव होते.

वस्तुतः निरीक्षण हे रूपकापेक्षा अधिक उदार असते. महाराष्ट्रात सारस आज प्रामुख्याने नागपूरच्या पूर्वेकडील गोंदिया-भंडारा परिसरात उरला आहे. भारतातील सारसांच्या दीर्घकालीन नोंदींवर आधारित एक अभ्यास २०२२ मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तीन प्रौढ सारस एकत्र राहतात, एका सुरात साद घालतात, असे आढळले. असे समूह दोन टक्क्यांहूनही कमी होते, पण होते. काव्याने जे पाहिले नाही ते काळजीपूर्वक केलेल्या नोंदींनी पाहिले.

२. निसर्गाचा दाखला आणि त्याची मर्यादा

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ ने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंध गुन्हा ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम नाही.

निसर्गक्रम म्हणजे काय, याचे पक्षीशास्त्रातील चित्र मात्र कायद्याच्या शब्दाइतके सरळ नाही. विदर्भातील तलावांवरच्या कमळपक्ष्यात मादी अनेक नरांशी जोडी करते आणि अंडी उबवण्याचे काम नराकडे असते. हिवाळ्यात भारतात येणाऱ्या रफ या पाणपक्ष्यात मादीसारखे दिसणारे नर असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हवाईच्या ओआहू बेटावरील लेसन अल्बाट्रॉसच्या वसाहतीत ३१ टक्के जोड्या दोन माद्यांच्या असल्याची नोंद २००८ मधील आहे. यापूर्वी असे काही कोणाला दिसलेच नव्हते असे नाही. जॉर्ज मरे लेविक यांनी १९११-१२ च्या अंटार्क्टिक मोहिमेत अॅडेली पेंग्विनमधील नरानरांच्या समागमाची नोंद केली. काही भाग तर ग्रीक लिपीत लिहून ठेवला. १९१५ मध्ये तो मजकूर अहवालातून वगळला गेला. तो प्रसिद्ध झाला २०१२ मध्ये. दिसलेले लपवले गेले, ही पक्षीशास्त्राच्या इतिहासातील लक्षणीय बाब होय.

तथापि या दाखल्यांवर माणसाच्या हक्काची इमारत उभारणे योग्य ठरणार नाही. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. म्हणून मानवी अपत्याचा त्याग कोणी समर्थनीय मानत नाही. समान प्रतिष्ठेचा आधार संविधान आहे, पक्षी नव्हे. 'पक्ष्यांतही असे असते' हे वाक्य एखाद्याच्या मनावरील ओझे हलके करील; युक्तिवाद म्हणून ते अपुरेच आहे. समावेशक फेरी या वाक्यापाशीच थांबली, तर ती जुनीच चूक उलट दिशेने करील.

३. पाहणारा आणि पाहिला जाणारा

समावेशक फेरीचे खरे मोल अन्यत्र शोधावे लागते. पक्षीनिरीक्षकाला निर्जन जागी, अवेळी, हातात दुर्बीण घेऊन रेंगाळावे लागते. असे रेंगाळणे कोणाचे छंद ठरते आणि कोणाचे संशयास्पद, हे समाजच ठरवतो. २५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय समलिंगी पक्षीनिरीक्षकाने एका महिलेला कुत्रा बांधून ठेवण्यास सांगितले असता तिने त्यांच्याविरुद्ध पोलिसांना दूरध्वनी केला. त्याच शहरात २०१६ पासून फेमिनिस्ट बर्ड क्लब समावेशक फेऱ्या काढत आहे. सोबत असणे ही येथे हौस नसून निरीक्षणाची पूर्वअट आहे.

नागपुरात पहिली अभिमान पदयात्रा २०१६ मध्ये निघाली. पदयात्रेत माणूस स्वतःहून लोकांच्या दृष्टीसमोर येतो. ते आवश्यकच होते. परंतु पारलिंगी व्यक्ती एरवीही रस्त्यावर, बसस्थानकावर सतत पाहिली जाते. पक्षीनिरीक्षणाच्या फेरीत ती पाहणारी होते.

मराठीचे व्याकरण या ठिकाणी अनपेक्षितपणे साहाय्य करते. 'मी आलो' किंवा 'मी आले' असे म्हणताच बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. परंतु 'मी नवरंग पाहिला', 'मी टिटवी पाहिली' या वाक्यांत क्रियापद पक्ष्याप्रमाणे बदलते. पाहणारा पुरुष आहे, स्त्री आहे की आणखी कोणी, हे वाक्य विचारत नाही. निरीक्षणाचे वाक्य सर्वांचे सारखेच असते.

४. फेरीचे स्वरूप

हे वाक्य सर्वांना निःसंकोच उच्चारता यावे, यासाठी काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत. व्यक्तीने सांगितलेल्या नावानेच तिला हाक मारावी. संमतीविना छायाचित्र घेऊ नये. घरी न सांगता आलेल्यासाठी एक छायाचित्रही संकट ठरू शकते. नोंदवहीत पक्ष्याचे लिंग लिहावे, सहभागींचे विचारू नये. अभिमान मास म्हणून केवळ जूनमध्ये फेरी काढणे हे परक्या दिनदर्शिकेचे अनुकरण होईल. जूनमध्ये नवरंग येतो हे खरे. पण अंबाझरीवरचे हिवाळी पाहुणे तेव्हा नसतात. पक्षी सप्ताहाच्या नित्य फेऱ्यांतच हा समावेश घडला, तर तो टिकेल.

समारोप

या विचाराला विदर्भात पूर्वपीठिका आहे. चितमपल्ली यांनी गोंड, पारधी, धीवर यांच्याकडून वनविद्या व शब्द घेतले. ज्या पारध्यांना समाजाने संशयितांच्या यादीत टाकले, त्यांनाच त्यांनी जाणकार मानले. 'सारंगागार', 'काकागार' असे शब्द त्यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना परिचित झाले. समाजाने दूर लोटलेल्यांच्या दृष्टीला ज्ञान मानल्यामुळेच मराठी पक्षीसाहित्य संपन्न झाले, असे म्हणता येईल. २०२५ मध्ये चितमपल्ली यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मदिनी सुरू होणाऱ्या सप्ताहात गोरेवाड्याच्या काठी दुर्बीण हातोहात फिरेल, तेव्हा ती कोणापाशी अडखळते, याची नोंदही पक्ष्यांच्या यादीइतकीच काटेकोरपणे ठेवली जाणे अगत्याचे आहे.